डाग झिजतो, जितं वाढतं

बाळांनो, घटकाभर मुंगी व्हा. हो, मुंगीच. आणि अशी कल्पना करा, की तुम्ही एका झोपलेल्या माणसाच्या टाचेवर चढला आहात. टाचही साधीसुधी नाही. उभ्या जन्मात जिला वहाण ठाऊक नाही अशी. मुंगीच्या डोळ्यांना ती कशी दिसेल? वैशाखातल्या काळ्या रानासारखी. जागोजाग भेगा. एक ओलांडावी तर पुढे दुसरी, तिच्यात पडलात तर वर यायला अर्धा दिवस. अशा त्या रानातून तुम्ही चालला आहात आणि चालता चालता जमिनीचा रंग बदलतो. पायाखाली काळंभोर काहीतरी येतं. त्याची कड सरळ नाही. एका अंगाने ती आत दबली आहे, दुसऱ्या अंगाने जिभेसारखी बाहेर आली आहे. तुम्हाला वाटतं, कशाची तरी सावली असेल. पण सावली उन्हाबरोबर सरकते. ही तशी सरकत नाही, आणि तरीही चार दिवसांनी याल तेव्हा ती जिथे होती तिथेच नसते. थोडी पुढे आलेली असते.

आता पुन्हा माणसं व्हा. कारण त्या टाचेजवळ दुपारच्या वेळी श्वास रोखून बसली होती ती मुंगी नव्हती. ती होती दहा वर्षांची चांदबी. आणि टाच होती तिच्या अब्बांची, इमाम नालबंदांची.

पुण्यात मोठा पूर येऊन गेला, त्याच सालचा हा हिवाळा. यवतला बाजारतळाच्या कडेला इमामभाईंचं दोन खणांचं घर होतं. नालबंद म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारणारा. बैलाचा खूर मधोमध दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या आणि चार पायांना आठ. बैल दोराने आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर पटाशीने तासून सारखा करायचा आणि मग पत्री ठेवून खिळे ठोकायचे. वाचायला सोपं वाटतं, पण सगळं कसब त्या खिळ्यात आहे. खुराचा बाहेरचा भाग आपल्या नखासारखा असतो. तासला तरी बैलाला कळत नाही. त्याला इमामभाई ‘मेलं’ म्हणत. आतला भाग रक्ताचा, दुखणारा. ते ‘जितं’. खिळा मेल्यातून तिरका जाऊन बाहेर आला पाहिजे. जित्याला त्याचा वारासुद्धा लागता कामा नये. चांदबी पाच वर्षांची असल्यापासून हे दोन शब्द ऐकत होती. मेलं आणि जितं.

“साऱ्या मुलखाच्या बैलांना पायताणं घालतोय, आन् सोता बघा, अनवाणी!” शेजारची साळूबाई येता-जाता टोमणा मारायची.

“बैल वझं वडतो, साळूबाई,” इमामभाई हसून म्हणायचे. “म्या काय वडतोय? तुमची बोलणी तेवढी.”

दिवाळीच्या आधी त्यांच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काढला, पण मागे काळा ठिपका राहिला. बसताना तो खुपतो असं ते म्हणू लागले. साळूबाईने टाच उलटसुलट करून पाहिली आणि निकाल दिला, “मोडका काटा हाय आत. त्याचं कुरूप झालंय. बिब्बा घाला, इमामभाऊ, म्हंजी आपसूक वर येतंय.” आणि कमरेच्या पिशवीतून एक बिब्बा काढून तिने चांदबीच्या हातावर ठेवला.

बिब्बा तुम्ही पाहिला असेल. काळं, गुळगुळीत, बदामाएवढं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं, आणि ते तेल कातडीवर टेकवलं की काळा डाग पडतो. तो धुऊन जात नाही. कातडी झिजते तेव्हाच तो जातो. पण हे तेल मोठं तिखट असतं. एखाद्याला ते मानवत नाही, अंग फोडफोडून येतं. त्याला बिब्बा उतला असं म्हणतात. गेल्याच वर्षी साळूबाईच्या संपतला तो उतला होता. तोंड भोपळ्यासारखं सुजून डोळे मिटले होते आणि आठ दिवस तो भिंत चाचपत फिरत होता. चांदबीने ते तोंड पाहिलं होतं.

अम्मा, म्हणजे खुर्शिद, गुऱ्हाळावर कामाला गेलेली. अब्बा पालथे पडून म्हणाले, “चांद, घाल बेटा. टाचंत काटा ठेवायला नगं.”

चांदबीने बिब्बा सुईला टोचला. दिव्याजवळ नेला. तेल सुटून चुर्रकन आवाज झाला मात्र, तिचा हात मागे आला. संपतचं तोंड तिला दिसलं. मग तिने काय केलं? दिव्याच्या काचेवर साचलेली काजळी बोटावर घेतली, तिच्यात खोबरेल मिसळलं आणि ते बोट अब्बांच्या टाचेवर, त्या काळ्या ठिपक्यावर टेकवलं. बिब्बा चुलीत टाकला.

“घातलास?”

“व्हय.”

“चटका कसा न्हाई बसला गं?”

“तुमची टाच हाय का पाटा?” चांदबी म्हणाली.

अब्बा इतके हसले की टाच हलली. “पाटाच हाय. मिरची वाट वर.”

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा घालायला सांगितलं. चांदबीने पुन्हा काजळी लावली. खोटं दुसऱ्यांदा बोलायला पहिल्यापेक्षा सोपं जातं. आणि गाठ मात्र पहिल्यापेक्षा घट्ट बसते.

ठिपका गेला नाही. उलट मोठा दिसू लागला. सगळे म्हणाले, बिब्ब्याचा डाग आहे, पसरलाय, जाईल. सगळ्या घरात, सगळ्या यवतात एकच जीव असा होता, ज्याला ठाऊक होतं की तिथे बिब्बा पडलेलाच नाही.

अम्माने अब्बांच्या मागे टुमणं लावलं, तेव्हा दौंडच्या बाजाराला गेल्यावर ते स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे गेले. चांदबी बरोबर होती. डॉक्टर वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी टाच धुतली, भिंग लावून पाहिली आणि विचारलं, “इथं काही लावलं होतं का?”

“बिब्बा, सायब. या पोरीनं घातला. दोन बार.” अब्बांनी चांदबीच्या डोक्यावर हात ठेवला. “लई हुशार हाय. चौथीत हाय. हिचा हात हालत न्हाई, माझ्यावानी.”

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. “बिब्बा घातला असेल तर काळेपणा त्याचाच असू शकेल. आता कापाकापी नको. महिनाभर काही लावू नका आणि मला पुन्हा दाखवा. पण ऐका, वाढला तर महिन्याची वाट पाहू नका.”

चांदबी मेजावरच्या टिपकागदाकडे पाहत होती. डॉक्टरांना वाटलं, मुलीला नवल वाटतंय. त्यांनी दौत कलंडून शाईचा एक थेंब कागदावर पाडला. थेंब पसरला आणि थांबला.

“पाहिलंस? शाई पसरली ती ओली होती म्हणून. वाळली की तिचं संपलं. डाग म्हणजे मेलेली गोष्ट. तो फार तर झिजतो. जे वाळल्यावरही वाढतं, ते डाग नसतं. ते जितं असतं.”

जितं! अब्बांचा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला. ‘तो बिब्बा नाही’ एवढे तीन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण अब्बांचा हात अजून तिच्या डोक्यावर होता. हात हालत न्हाई, असं म्हणणारा. तो हात असताना ते शब्द बाहेर कसे येणार? ते आत गेले आणि तिथेच फिरत राहिले.

त्या दिवसापासून चांदबीला एका जागी बसवेना. शाळेत फळ्यावर नकाशा काढला की तिला त्याच्या कडा दिसत. कुठे आत दबलेल्या, कुठे बाहेर आलेल्या. गुरुजींनी भीमा नदी कुठे आहे विचारलं तर तिने बोट भलतीकडेच ठेवलं. जेवताना उठायची, पाणी आणायची, न पिता ठेवायची. अम्मा म्हणाली, “ह्या पोरीच्या पायाला भिंगरी लावलीय कुणी?”

मग तिला एक युक्ती सुचली. पत्रीचे खिळे असतात, त्यांचं डोकं चापट, सगळ्यांचं सारखं. अब्बा दुपारी आडवे झाले की ती एक खिळा घेऊन त्यांच्या पायाशी बसायची आणि त्याचं डोकं हलकेच त्या काळ्यावर धरायची. डॉक्टरांकडून आले तेव्हा ते एका डोक्याएवढं होतं. आठ दिवसांनी खिळ्याच्या बाजूने काळी कड दिसली. आणखी आठ दिवसांनी डोकं दीड वेळा मांडावं लागलं. मधोमध ते आता फुगून आलं होतं आणि कडेला लालसर वर्तुळ होतं, जणू भोवतालची कातडी काहीतरी अडवून धरते आहे. कधी कधी त्यातून पाणी यायचं. ती खिळा फ्रॉकच्या खिशात टाकायची आणि पळत बाहेर जायची, पुन्हा पळत आत यायची.

एकदा साळूबाईने तिला त्या टाचेशी पाहिलं. “काय गं, अब्बाला पत्री मारतीस काय?”

“साळूमावशी, बिब्ब्याचा डाग कवा जातो?”

“जाईल की. तू घातलास ना चांगला? का बिब्ब्यातच बिब्बा घातलास?” साळूबाई स्वतःच्या विनोदावर खदखदा हसली. एखाद्या चांगल्या कामात खोडा घालणं म्हणजे बिब्बा घालणं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चांदबी हसली नाही. तिला वाटलं, मावशीला कळलं. मावशीला काही कळलेलं नव्हतं.

ते दिवस गुऱ्हाळांचे होते. उसाच्या गाड्या दिवसभर चालत, पत्र्या झिजत आणि इमामभाईंना मान वर करायला फुरसत नसे. डॉक्टरांचा महिना भरत आला तरी कुणी दौंडचं नाव काढेना. वर त्यांनी ठरवलं, की शिरूरच्या बाजूला, कवठे येमाई आणि पाबळपर्यंत पंधरा दिवसांची फेरी करायची. तिकडच्या शेतकऱ्यांचे निरोप आले होते.

निघायच्या आदल्या दिवशी यवतच्या बाजारात पोपटरावांचा खिलारी बैल आला. पोपटराव मोठे शेतकरी, तोंडाने फटकळ. बैल पाडला. इमामभाई नेहमीसारखे दोन्ही टाचांवर बसले, पण डावी टाच टेकताच त्यांनी ती उचलली आणि चवड्यावर तोल सांभाळत खिळा धरला. चांदबी खिळे हातात देत होती. हातोडी पडली. एकदा, दोनदा. तिसऱ्या ठोक्याला बैलाच्या अंगातून शहारा गेला.

दुसऱ्या कुणाला कळलं नाही. बैल दोरात होता, हंबरलाही नाही. पोपटराव विडी ओढत होते. खिळ्याचं टोक बाहेरून बरोबर आलेलं दिसत होतं. वळवून टाकलं असतं तर काम झालं होतं. पण इमामभाईंनी हातोडी खाली ठेवली.

“आप्पा, खिळा जित्यात गेला.”

“काय? तुझा?” पोपटरावांची विडी तोंडातच राहिली. “येवढी वर्सं झाली, आन् आज माझाच बैल घावला व्हय रं?”

“चुकलं. आता काढतो. भोक धुतो, औषिद भरतो. चार दिस गाडीला जुपू नगा.”

“बाहेरनं तर काय बी दिसत न्हाई!”

“त्येच तर वंगाळ हाय, आप्पा. बाहेरनं दिसत न्हाई. आता काढला तर खूर ऱ्हातो. झाकून ठिवला तर आत पू धरतो, मंग त्यो पू वर चढतो, पायात, गुडघ्यात. मंग बैलच जातो.” त्यांनी पकडीने खिळा उपसला. टोकावर रक्ताचा एक मणी होता. “खिळा चुकला ही चूक हाय. झाकला तर त्यो गुन्हा.”

पोपटराव बरंच बडबडले. भरल्या बाजारात इमामभाई मान खाली घालून ऐकत होते आणि खूर धुवत होते. चांदबी तांब्याने पाणी ओतत होती. पाणी खुरापेक्षा जमिनीवरच जास्त पडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी हत्यारांची पिशवी भरली. उठताना ते कळवळले आणि जांघेवर हात ठेवला.

“अवधाण आलंय,” ते अम्माला म्हणाले. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. “इटंनं शेकलं का बसंल.”

अम्माने फडक्यात गुंडाळायला वीट शोधली. चांदबी म्हणाली, “म्या एष्टीपातुर येते.” आणि पिशवीचा एक बंद धरला.

चौफुल्याला उतरून शिरूरची गाडी पकडायची होती. चांदबी यवतच्या थांब्यावरून मागे फिरायला तयार होईना, म्हणून अब्बांनी तिलाही चौफुल्यापर्यंत नेलं. परतीच्या गाडीत ओळखीचं कुणीतरी भेटेलच, असं म्हणून. शिरूरची गाडी उभीच होती. वर टपावर कोंबड्यांच्या करंड्या, आत माणसं.

“चला नालबंद, चढा!” कंडक्टर ओरडला. “का एखादा बैल बी आणायचाय मागनं?”

अब्बांनी पिशवी खांद्यावर घेतली. चांदबीने बंद सोडला नाही.

“सोड की, बेटा.”

“अब्बा, त्यो बिब्बा न्हाई.”

“काय न्हाई?”

“टाचंवरचं. म्या बिब्बा घातलाच न्हाई. मला भ्या वाटलं, संपत्यावानी उतंल म्हणून. म्या काजळी लावली. दोन्ही बार.” शब्द एकदा निघाले ते गाडीच्या भोंग्यातही थांबले नाहीत. “काजळी तर धुतली का जाती, अब्बा. ही गेली न्हाई. ही वाढतीया. म्या खिळ्यानं मोजलीया.”

अब्बा तिच्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडावर बसले, डावा पाय उजव्या मांडीवर घेतला, अंगठ्याला थुंकी लावली आणि टाच घासली. एकदा. पुन्हा जोराने. मग अंगठा उन्हात धरून पाहिला. अंगठा स्वच्छ होता.

“ओ, येताय का न्हाई?” कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरली होती.

“न्हाई,” अब्बा म्हणाले. आणि गाडी गेल्यावर, धुळीकडे पाहत, हळूच, “जित्यात गेलाय.”

मग दोघं दौंडच्या गाडीत बसली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चांदबीला रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. भिंगाने टाच पाहिली, कडेचं लाल वर्तुळ पाहिलं, मग जांघेतली गाठ बोटांनी चाचपली. ती चाचपायला त्यांना बराच वेळ लागला. चांदबीला तो वेळ शाळेच्या सबंध दिवसाएवढा वाटला.

“म्या बिब्बा घातला असता तर हे झालं नसतं का?” तिने विचारलं.

“नाही. बिब्ब्याने हे आलं नाही, काजळीनेही नाही. हे त्याआधीच आलेलं होतं; काट्याने फक्त आपलं लक्ष तिकडे गेलं. बस इथे. तुझ्या अब्बांच्या भाषेत सांगतो.” त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे बोट दाखवलं. “आपल्या कातडीतही मेलं आणि जितं असतं. वरचा थर मेलेला, झिजणारा. खाली जिता. आणि त्या जित्या थराच्याही खाली एक पातळ पडदा असतो, घराच्या माळ्यावरच्या फळ्यांसारखा. त्या फळ्यांवर कातडीचे बारीक बारीक कण एकमेकांना धरून राहतात, चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांना पेशी म्हणतात. त्यांतल्या काहींचं काम रंग करायचं. त्यांतली एखादी बिघडते. का बिघडते, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. ती शेजाऱ्यांचा हात सोडते. सांगितलं तेवढंच वाढायचं, हा चाळीचा नियम मोडते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. आधी त्या आडव्या पसरतात. तोवर सगळं माळ्यावरच चाललेलं असतं.”

“आन् मंग?”

“मग फळी फोडून खाली उतरतात. खाली रक्ताच्या नळ्या असतात, पाण्याचे बारीक पाट असतात. शेजारी गप्प बसत नाहीत. ते लाल दिसतं ना कडेला? ती शेजाऱ्यांची धावपळ. काही लढतात. पण काहींना हे दुखणं फसवतं, आणि मग तेच त्याला रस्ता करून देतात, रक्ताची नळी ओढून देतात, खाऊपिऊ घालतात. एकटं चोरटं काही करू शकत नाही, पोरी. त्याला गावातलंच कुणीतरी घर उघडून देतं. मग ते पाटातून वर जातं. पायाचे पाट जांघेशी येतात. तिथे गाठी असतात, रस्त्यावरच्या नाक्यासारख्या. येईल त्याला त्या अडवतात.”

अब्बांनी जांघेवर हात ठेवला. “म्हंजी ह्ये अवधाण...”

“असेल किंवा नसेल. टाचेतून पाणी येतंय, त्यानेही गाठ येते. मी बोटांनी सांगू शकत नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून मोठ्या भिंगाच्या यंत्राखाली पाहतील. पण थांबायचं नाही. आज दुपारच्या गाडीने जायचं. नाक्यावर अडलं असेल तोवर काही करता येईल. नाका ओलांडून अंगभर गेलं, की त्याला आवडेल त्या मातीत रुजतं.”

“पाय ऱ्हाईल, सायब?”

“टाच बरीच कापतील. पायाचं वचन मी देत नाही. जिवासाठी झटायचं आहे, एवढं सांगतो.”

टाच नसलेला नालबंद कसा बसतो? चांदबीने मनात अब्बांना बसवून पाहिलं. एका पायावर, मग दगडावर, मग बाजेवर. कसेही बसवले तरी त्यांच्या हातात हातोडी होती. तिने तेवढंच धरून ठेवलं.

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, “बिब्ब्याचं लिहावं लागेल. मीच तुम्हाला त्यावरून महिनाभर थांबवलं.”

अब्बा एकदम पुढे सरकले. “सायब, पोरीचं नाव नगा घालू त्यात. म्याच चुकून बोललो असं लिवा. अडाणी माणूस, इसरला. माझं नाव घाला. लेकराच्या माथी...”

“चूक कोणाच्याही नावावर घाला, पुण्याच्या डॉक्टरांना फरक पडत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण हे किती दिवसांत किती वाढलं, ते त्यांना हवं असेल. तिथे पहिला प्रश्न हाच येईल, काय लावलं आणि कधीपासून वाढतंय. मधल्या दिवसांचं मला तरी कुठे माहीत आहे? तुम्हाला तुमची टाच दिसत नाही.”

डॉक्टरांची लेखणी कागदावर अडून राहिली होती. बाहेर इंजिनाने वाफ सोडली. दुपारच्या गाडीला अजून वेळ होता, पण फार नव्हता.

चांदबी उठली. तिने खिशातून खिळा काढला आणि डॉक्टरांच्या समोरून चिठ्ठीचा कागद आपल्याकडे ओढला. खालच्या मोकळ्या जागेत तिने खिळ्याचं चापट डोकं ठेवलं, डॉक्टरांच्या हातातली लेखणी घेतली आणि डोक्याच्या कडेने गोल काढला. त्याखाली लिहिलं, ‘डॉक्टरसायबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा.’ शेजारी पुन्हा खिळा ठेवला, गोल काढला, आणि एका अंगाला काळी कड भरली. ‘आठ दिवसांनी.’ मग दीड. मग दोन, आणि त्यांच्यातून बाहेर आलेली ती जीभ, जशी काल दुपारी दिसली होती तशी. ‘काल.’ तिचा हात हलत नव्हता.

सगळ्यांत खाली तिने शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘बिब्बा घातला नव्हता. काजळी होती. लावणारी, चांदबी इमाम नालबंद, इयत्ता चौथी.’

मग शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, घडी न घालता तो डॉक्टरांच्या हातात दिला, अब्बांची पिशवी आपल्या पाठीवर घेतली आणि त्यांची टाच जमिनीला टेकू नये म्हणून त्यांच्या डाव्या काखेखाली आपला खांदा नेऊन उभी राहिली.